जावयाच्या मोटारीची खडखड

तमाम सोयरेधायरे, शेजारीपाजारी, आणि ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता तरी ज्यांनी त्यात मनापासून भाग घेतला अशी अकोल्यातली व अमरावतीतली सर्व मंडळी, यांना या लेखाने जाहीर कळवण्यात येते की, माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी पाळणा हलणार ही त्या उन्हाळ्यात दोन्ही गावांत पसरलेली बातमी खोटी होती. ज्यांनी बाळाची नावे सुचवली त्यांनी ती परत घ्यावीत. ज्यांनी टोपडी शिवली त्यांची टोपडी पुढे काही वर्षांनी खरोखरच उपयोगी पडली, त्याबद्दल आभार. परंतु त्या उन्हाळ्यात जे झाले त्याला आमची ताई जबाबदार नव्हती. जबाबदार होती एक मोटार. आणि त्या मोटारीविरुद्ध तोंड उघडायची आमच्या घरात कोणाची छाती नव्हती, कारण मोटार जावयाची होती आणि महिना धोंड्याचा होता.

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी एवढेच सांगतो की अधिक महिन्याला आम्ही धोंड्याचा महिना म्हणतो. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला बोलवायचे, अनारशांचे ताट द्यायचे, नवे कपडे करायचे आणि तो जे बोलेल त्याला मान डोलवायची. एरवीही आमच्याकडे जावयाला कोणी नावे ठेवत नाही, पण एरवी निदान पाठीमागे ठेवतात. धोंड्यात तेही बंद.

ही गोष्ट साठ सालाच्या आसपासची. मी विशीत होतो आणि कॉलेजच्या परीक्षेतून नुकताच सुटलो होतो. आमचे घर अकोल्यात जठारपेठेत. ताई दिली होती अमरावतीला. भाऊजी वकील. त्यांनी त्या वर्षी बदली होऊन चाललेल्या एका अधिकाऱ्याकडून जुनी मोटार घेतली होती आणि ती सासुरवाडीला दाखवायला धोंड्याचा मुहूर्त धरला होता. सोबत ताई, आणि आग्रहाचे आमंत्रण असल्यामुळे भाऊजींच्या मातोश्री, म्हणजे आमच्या विहीणबाई. विहीणबाई उंच, सरळ आणि बोलायला कापसाच्या सरकीसारख्या टणक. तोंडात सदा पान.

मोटार दिसायच्या आधी ऐकू आली. डब्यात खिळे भरून कोणी डबा गल्लीतून ओढत आणावा तसा आवाज. शेजारचे काका ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "भंगारवाला आला वाटते." आमच्या बाबांनी त्यांच्याकडे असे पाहिले की काका उठून घरात गेले आणि धोंडा संपेपर्यंत त्या ओट्यावर दिसले नाहीत.

गाडी थांबली. बाबा पुढे झाले, दार उघडले आणि म्हणाले, "वा, जवाईबुवा. काय भारदस्त आवाज आहे. गाडी आली का गल्लीले समजलं पायजे."

भाऊजी प्रसन्न झाले. पुढच्या खिडकीतून कोपर बाहेर काढून बसायची त्यांची ऐट मोठी होती. ते कोपर आत घेत म्हणाले, "इंजिन तालेवार आहे, मामंजी. हलकी गाडी असा आवाज करत नाही."

तेवढ्यात मागच्या दारातून ताई उतरली. तोंड पांढरेफटक. तिने कोणालाही नमस्कार केला नाही, भाकरतुकडा ओवाळून घ्यायलाही थांबली नाही, सरळ न्हाणीकडे धावली. आतून ओकारीचा आवाज आला.

मग आईने विहीणबाईंकडे पाहिले, विहीणबाईंनी आईकडे पाहिले, आणि दोघी हसल्या. दोन्ही घरांची सोयरीक झाल्यापासून या दोन बायका एकाच वेळी एकाच गोष्टीला हसल्याचे मी पहिल्यांदा पाहत होतो.

"किती दिवसापासून चालू आहे?" आईने हळूच विचारले.

"आजच पायलं मी," विहीणबाई म्हणाल्या. "बडनेऱ्यापासून गुमसुम होती. मले वाटलं माहेर जवळ आलं म्हनून रडून राहिली असन."

झाले. गुन्ह्याची नोंद झाली, तपास संपला आणि निकालही लागला, तोसुद्धा ताई तोंड धुऊन बाहेर यायच्या आत.

आता यात ताईचे काय पणाला लागले होते ते सांगतो. ताई बी.एस्सी. झालेली, वर बी.टी. अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायची जागा निघाली होती आणि मुख्याध्यापिकाबाईंनी तिला शब्द दिला होता. अट एकच, शाळा उघडेल त्या दिवशी समक्ष येऊन हजर व्हायचे. नाही आली तर दुसरी एक बाई वाट पाहत बसलेलीच होती. विहीणबाईंना राजी करायला ताईला सबंध हिवाळा लागला होता. शेवटी त्या म्हणाल्या होत्या, "जाय बाप्पा, पन सैपाक करून जाय." एवढ्या परवानगीवर ताई असे नाचत होती की जणू तिला कुलगुरू नेमले आहे.

आणि आता त्याच विहीणबाई आमच्या माजघरात बसून पानाला चुना लावत म्हणाल्या, "मंग आता नोकरी-फिकरीचं राहू दे. फळ्यासमोर उभं राहून वांत्या करनार काय?"

ताईने साफ सांगितले की तसे काही नाही. आईला बाजूला घेऊन सांगितले. बायकांच्या पद्धतीचा जो पक्का पुरावा असतो तोही दिला. आई म्हणाली, "असू दे. कोनाकोनाचं तसंबी असते. माह्या मावशीचं तसंच होतं." या मावशीला आम्ही कोणी पाहिले नव्हते, पण आईला जेव्हा जेव्हा पुरावा आवडायचा नाही तेव्हा ती मावशी मदतीला यायची. लेडी डॉक्टरकडे जावे तर त्या उन्हाळ्याच्या सुटीत गावाला गेलेल्या.

ताईचा दुसरा मुद्दा होता की घरात ती ठणठणीत असते, त्रास होतो तो मोटारीत बसल्यावरच. हा मुद्दा तिने बाबांपुढे मांडला, आणि चूक केली.

"पोरी," बाबा दाराकडे पाहत कुजबुजले, "गाडीचं नाव काढू नको. हौसेनं आनली त्यायनं. धोंडा आहे."

"पण बाबा, ती खडखडते."

"खडखडत नाई. बोलते."

मग सुरू झाला तो फेरा. नव्या मोटारीतून सगळ्यांना फिरवायची भाऊजींची हौस, आणि आता ताईला जपायची दोन आयांची हौस. गर्भारशीला वारा लागू नये म्हणून ताईच्या बाजूची काच बंद. मागच्या जागेवर, डावीकडे, उशीला टेकून तिची जागा ठरलेली. उजवीकडची खिडकी विहीणबाईंची, ती मात्र उघडी, कारण त्यांना पिंक टाकायला लागायची. बाबा किंवा मी पुढे, भाऊजींच्या शेजारी. राजेश्वराच्या देवळाला गेलो, ताईला मळमळले. बाळापूरला मावशीकडे (ही वेगळी, पाहिलेली मावशी) गेलो, ताईने येताना डोके धरले आणि घरी आल्या आल्या न्हाणी गाठली. जितके मळमळले तितके तिला जपले गेले, जितके जपले गेले तितकी काच घट्ट लागली, आणि काच जितकी घट्ट तितके मळमळले. शेजारणी चिंचा आणून देऊ लागल्या. कोणी कैरीची फोड, कोणी लिंबाचे जुने लोणचे. चिंच ताईला लहानपणापासून आवडायची, ती मिटक्या मारत खायची, आणि त्याचाही पुरावा व्हायचा.

एक दिवस ती मला म्हणाली, "आईच्या चेहऱ्याकडे पायलं का मलेच वाटायले लागते, आपलंच काही चुकून राहिलं. एवढी खूश तिले मी कवाच नाई पायली." आणि मग नाक ओढून, "पन मी नोकरी नाई सोडनार."

बाळापूरहून आलो त्या संध्याकाळी ती गच्चीवर बसली होती. मी कुरड्यांची राखण करण्याच्या मिषाने कुरड्या खात होतो.

"इकडे ये," ती म्हणाली. "खरं सांग. बाळापूरले जातानी गाडी खडखडत होती?"

"जोरात. भाऊजींचं बोलनं ऐकू येत नव्हतं."

"आन मी कशी होती?"

मी आठवले. जाताना ताई चक्क गाणे गुणगुणत होती.

"ठीक होती."

"येतानी?"

"येतानी नदीच्या उतारावर चाक खड्ड्यात गेलं. त्याच्यानंतर आवाज बंद झाला. तुही सासू म्हणाली ना, देव पावला, गाडी सुधारली."

"आन मी?"

मी कुरडई खाली ठेवली. ताई शास्त्राची विद्यार्थिनी होती आणि मी नव्हतो, तरी एवढे मलाही दिसले. गाडी ओरडत असली की ताई खुशाल, गाडी गप्प झाली की ताई आडवी. ताईने सांगितले, पहिल्या दिवशीही तसेच, बडनेऱ्यापासून गुमसुम ताई नव्हे, आधी गाडी झाली होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी नालीच्या चरात चाक आपटले तेव्हा गाडीला पुन्हा कंठ फुटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमरस खाऊन नारायण घोरत पडले. मी बाबांना म्हणालो की जवाईबुवांची गाडी धुळीने भरली आहे, धुऊन आणतो. बाबांना माझ्यात अचानक उगवलेल्या या भक्तिभावाने गहिवरून आले. जीप चालवायला मी कापसाच्या जिनिंगवाल्या एका मित्राकडे शिकलो होतो. ताई म्हणाली, मी पण जाते, जरा मोकळं वाटेल. निघताना तिने आईच्या वातींच्या डब्यातून कापसाचा एक पुंजका उचलला. मला वाटले, नाकाला लावायला असेल.

रेल्वे फाटकाजवळ एका मिस्त्रीचे मोटारीचे दुकान होते. मिस्त्री भरदार मिशांचा आणि स्वतःच्या कीर्तीवर खूश असलेला माणूस. गाडी थांबायच्या आधीच त्याने निदान केले, "कारबोरेटरमध्ये कचरा."

"आवाज मागून येते," ताई म्हणाली.

"मागून येते पन सुरू पुढून होते, बाई. मानसाचं बी तसंच असते. पोट बिघडते आन डोकं दुखते."

"ठीक आहे. इंजिन चालू राहू द्या."

ती खाली उतरली, गाडीच्या मागे गेली आणि जमिनीवर उकिडवी बसली. तिने कापसाचा पुंजका दोन बोटांनी पिंजून त्याची सुतासारखी लांब शेंडी काढली आणि धुराच्या नळीच्या तोंडाशी धरली. सायलेंसर खडखडत होता. कापूस वाऱ्यावरच्या पताकेसारखा सरळ बाहेर उडत राहिला.

"आता सायलेंसरले ठोका," ती मिस्त्रीला म्हणाली.

मिस्त्रीला बाईमाणसाने असे सांगायची सवय नसावी. पण कुतूहल मिशांपेक्षा मोठे निघाले. तो लाकडी हातोडा घेऊन गाडीखाली सरकला आणि त्याने सायलेंसरच्या पोटावर एक ठोका दिला. खडखड चालूच. दुसरा दिला, बाजूने. आतून 'टण्ण' आवाज आला आणि खडखड एकदम थांबली.

ताईच्या बोटांतला कापूस लोंबला. मग एक झटका, पुन्हा लोंबला, पुन्हा दोन झटके. दम लागलेल्या म्हाताऱ्याच्या फुंकरीसारखे. इंजिनाचा सूरही घोगरा झाला.

"आता हा कापूस तिथं धरा," ताईने कापूस खाली सरकवला. "सायलेंसरच्या पुढं, नळीचा जोड आहे तिथं."

गाडीखालून मिस्त्रीचा आवाज आला, "अर्र. इथून तं भकभक येऊन राहिलं."

मग त्यानेच आम्हाला समजावले, आणि अशा थाटात जणू हे सगळे त्यानेच शोधले. सायलेंसरच्या पोटात भोकांचे पत्रे असतात. त्यांतला एक पत्रा झाळण तुटून सुटा झाला होता. तो आडवा पडला की नुसता खडखडायचा, पण धुराला वाट मोकळी. धक्क्याने तो उभा अडकला की खडखड बंद, आणि वाटही बंद. कोंडलेला धूर मग मागे सरून ढिल्या जोडातून बाहेर पडायचा. त्या जोडाच्या बरोबर वर, गाडीच्या तळाला गंजून भोक पडलेले, त्यावर नुसती चटई. आणि चटईच्या वर, उशीला टेकून, काच बंद करून, आमची ताई.

"याचं पोट फाडून पत्रा काढाव लागते आन जोड नव्यानं बांधाव लागते," मिस्त्री म्हणाला आणि बाह्या सरसावल्या. "गाडी कोनाची?"

"आमच्या जवायाची," मी म्हणालो.

"कायले आले?"

"धोंड्याले."

मिस्त्रीने सरसावलेल्या बाह्या खाली केल्या आणि हात पुसले. "मंग आपुन काईच पायलं नाई, भाऊ. धोंड्याच्या महिन्यात जवायाच्या गाडीचं पोट फाडलं तं माही बायको मले घरात घेनार नाई. त्यायले स्वतः घेऊन या. त्यायच्या तोंडून सांगू द्या."

आता तुम्ही म्हणाल, मग घरी जाऊन सांगायचे की. ताईने सांगितले. रात्री जेवणे झाल्यावर सगळ्यांसमोर, कापसासकट, शाळेत धडा समजवावा तसे. तिचे होईपर्यंत बाबांनी तीनदा विषय बदलायचा प्रयत्न केला. आई पाण्याचा तांब्या आणायला गेली ती आलीच नाही. विहीणबाईंनी पान चघळणे थांबवले.

"म्हनजे नोकरीसाठी तू माह्या पोराच्या गाडीले भोक पाडून राहिली?"

"भोक पाडलं नाही, आत्याबाई. आहे."

भाऊजी दुखावले होते. पण ते दुखावले की जास्त शांत बोलायचे, वकिलांना ती सवय असते. "हे बघ," ते म्हणाले, "माझ्या अशिलावर आरोप आहे, तर पुरावा पाहिजे. ही गाडी रोज मी चालवतो. सगळ्यात जास्त मी बसतो. मला एकदा तरी मळमळलं? एकदा तरी?"

"तुम्ही पुढं बसता. खिडकीतून कोपर बाहेर काढून."

"कोपराने काय होते?" विहीणबाई म्हणाल्या. "बाईची जात आहे, असं होतच असते. शाळा उघडते त्या दिवशीच आपुन निघू. जाता जाता शाळेच्या दारात गाडी थांबव. मीच सांगते त्या बाईले, आमची सून येत नाई म्हनून."

भाऊजींचा नोकरीला विरोध नव्हता, पण आईपुढे त्यांची वकिली चालत नसे. ताई रडेल असे मला वाटले. तिने मान खाली घातली, थोडा वेळ चटईवरचा एक दोरा ओढत बसली. मग तिने मान वर केली आणि हसली. ताई अशी हसली की मला लहानपणापासून घाम फुटतो.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली.

निघायच्या सकाळी आईने भाऊजींना आहेर केला. पांढराशुभ्र रेशमी कोट, जरीकाठी उपरणे, टोपी. ताईने नवऱ्याकडे कौतुकाने पाहिले आणि बाबांना म्हणाली, "बाबा, आज धोंड्याचा आहेर अंगावर घालून यांनी स्वतः गाडी हाकायची काय? ड्रायव्हरसारखी?"

बाबा दचकले. एवढी मोठी चूक आपल्या हातून होणार होती. "छे छे. शोभते काय? जवाईबुवा, तुमी आज मांगं बसा, सायबावानी. हा चालवते. जिनिंगची जीप चालवते हा."

भाऊजींनी माझ्याकडे संशयाने पाहिले, पण साहेबासारखे मागे बसायचे चित्र त्यांना आवडले. राहिली ताईची जागा. ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, मांगं लय हेलकावे लागतात. मी पुढं बसू काय?" सुनेच्या तोंडून हेलकाव्यांची तक्रार ऐकून विहीणबाईंना आपले निदान मान्य झाल्यासारखे वाटले. त्या म्हणाल्या, "बस. पन डोक्यावरून पदर घे." आपण उजवीकडे आपल्या पिंकेच्या खिडकीशी बसल्या. भाऊजी डावीकडे, ताईच्या उशीला टेकून बसले आणि नव्या कोटावर धूळ नको म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने काच वर केली. कोणी सांगितले नव्हते. मी शपथेवर सांगतो.

"भाऊजींना काही झालं तर?" गाडीत बसण्याआधी मी ताईच्या कानाशी लागलो.

"मले रोज झालं ते होईल. पाहिलं की लगेच थांबव. आन माह्या बाजूची काच उघडी ठेव."

गाडी निघाली आणि खडखडली. बोरगाव मंजू आले, खडखड. काटेपूर्णेचा पूल आला, खडखड. मागे भाऊजी आईला एका बांधाच्या दाव्याची कथा सांगत होते, आणि त्यांना आपल्याच गाडीवर ओरडून बोलावे लागत होते. मूर्तिजापूर गेले. मी आरशात पाहिले, भाऊजींच्या गालांवर चांगली लाली होती. ताई पुढे बघत होती, पण पदराचे टोक तिने बोटाला इतके गुंडाळले होते की बोट पांढरे पडले होते. अमरावती जवळ येत होती. शाळेचे दार आले आणि पत्रा उभाच राहिला नाही, तर विहीणबाई खाली उतरणार आणि काम संपवून परत बसणार.

मी जो काही ड्रायव्हर होतो त्याने मग खड्डे शोधायला सुरुवात केली. त्या काळी त्या रस्त्यावर ते शोधावे लागत नसत, पण मी निवडून, चांगल्यातले चांगले घेत होतो. बैलगाड्यांनी पाडलेली एक चाकोरी मी कडेपर्यंत जाऊन घेतली.

"अरे, खड्डे टाळ ना," भाऊजी ओरडले.

"टाळूनच राहिलो, भाऊजी."

"जिनिंगची जीप चालवते म्हने," विहीणबाई म्हणाल्या. "कापसाच्या गाठीच भराव्या याच्या गाडीत. मानसं नाई."

कुरूमच्या पुढे नाल्यावर एक फुटका सांडवा, म्हणजे रस्त्याची फरशी, होती. मी डोळे मिटले नाहीत एवढेच. गाडी आदळली, उडाली, पुन्हा आदळली. आतून 'टण्ण' झाले.

आणि शांतता. बाभळीवरच्या होल्यांचे घुमणे ऐकू येऊ लागले.

"आता कशी गुमान चालली," विहीणबाई समाधानाने म्हणाल्या आणि नवीन पान काढले. "गाडीले बी हिसका लागते. मानसासारखंच."

मागे बांधाचा दावा चालू होता. थोड्या वेळाने साक्षीदाराची उलटतपासणी अर्ध्यावर सुटली. मग भाऊजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग उपरण्याने कपाळ पुसले. आरशातला त्यांचा चेहरा आधी कोटासारखा पांढरा झाला आणि मग उसाच्या रसासारखा.

"गरम होते काय?" विहीणबाईंनी विचारले.

भाऊजींनी एक बोट वर केले. वकील युक्तिवादाला वेळ मागतात तसे. आणि दुसऱ्या हाताने माझा खांदा दाबला. मी गाडी बाजूला घेतली. थांबते न थांबते तो ते दार ढकलून उतरले, रेशमी कोटाचे दोन्ही पदर दोन हातांनी उचलून एका बाभळीपर्यंत धावले, आणि आमच्या आईने प्रेमाने खाऊ घातलेले सगळे अनारसे त्यांनी वऱ्हाडच्या काळ्या मातीला परत केले.

पुढचे थोडक्यात सांगून टाकतो, कारण मला पुन्हा त्या बाभळीकडे यायचे आहे. भाऊजी सावरल्यावर आहेराच्या कोटासकट स्वतः गाडीखाली शिरले, जोडाला हात लावून पाहिला, चटई उचलून भोकातून रस्ता पाहिला, आणि बाहेर येऊन बायकोला म्हणाले, "आरोप शाबीत." बडनेऱ्यापर्यंत सगळ्या काचा उघड्या होत्या आणि भाऊजी पुढे बसले होते. शाळेच्या दाराशी विहीणबाई ठरल्याप्रमाणे उतरल्या, मुख्याध्यापिकाबाईंसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ही आमची सून. सैपाक करून येईल, तवा जरा उशीर झाला तं बोलाचं नाई." ताईने त्याच दुपारी पहिला तास घेतला. सायलेंसरचे पोट अमरावतीच्या एका मिस्त्रीने फाडले, भाऊजींच्या तोंडून सांगितल्यावर. ताई पुढे निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिली.

पण हे सगळे नंतरचे. त्या क्षणी रस्त्यावर यातले काहीच झाले नव्हते. भाऊजी बाभळीला एक हात लावून वाकलेले होते. ताई पुढच्या जागेवर, उघड्या खिडकीत, टवटवीत बसली होती. शेजारच्या वावरात पेरणीआधी वखर हाकणारा माणूस बैल थांबवून बघत होता. विहीणबाई गाडीतून उतरल्या, अर्धे पान हातात तसेच. त्यांनी मुलाकडे पाहिले. मग सुनेकडे पाहिले. मग पुन्हा मुलाकडे, खालपासून वरपर्यंत. गेले पंधरा-वीस दिवस त्यांनी जो नियम सगळ्यांच्या गळी उतरवला होता तो त्यांच्या डोळ्यांपुढे आपल्या पायांनी चालत कुठे चालला होता ते त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होते. त्या थट्टा करत नव्हत्या. त्यांचा आवाज खरोखरच घाबरलेला होता, आणि तो वावरातल्या माणसालाही ऐकू गेला:

"अवं माय, याले बी दिवस रायले काय वं?"